एनोकदादाची शेवटची खेप

माझा भाऊ एनोक मिझुरी नदीवर नाव चालवायचा. तो, मी आणि ती सपाट नाव, सगळे एकाच मालकाचे. त्याची बायको केझाया मात्र टॉलिव्हर नावाच्या दुसऱ्या मालकाची गुलाम. टॉलिव्हर तिला घेऊन पलीकडे कॅन्ससला राहायला गेला, तेव्हापासून दादाचं अर्धं लक्ष त्याच काठावर असायचं.

कॅन्ससात गुलाम ठेवायचे की नाही, ते तिथल्या लोकांनी मत देऊन ठरवावं, अशा कायद्यावर राष्ट्राध्यक्षांनी सही केली होती. लोक म्हणजे गोरे. आम्हाला कोण विचारतो? मतदानाच्या दिवशी इकडचेच गोरे बंदुका नि व्हिस्की घेऊन नावेत बसले, तिकडे गुलामीच्या बाजूनं मत टाकून संध्याकाळी परत आले. दादालाच त्यांना वल्हवून न्यावं लागलं.

"काय रे एनोक, तुझं मत कुणाला?" एकानं चिडवलं.

"मी फक्त पलीकडे पोचवतो, मालक," दादा म्हणाला.

पुढे वारं फिरलं. गुलामी नको म्हणणारे लोक उत्तरेकडून गाड्या भरभरून कॅन्ससात आले. आम्ही गुडघे टेकून हेच मागितलं होतं, पण तेच दादाच्या मुळावर आलं. गुलाम हातचे जातील या धास्तीनं टॉलिव्हरनं बिऱ्हाड मोडलं आणि केझायाला घेऊन आमच्या काठावरून दूर टेक्सासला निघाला, तिथं गुलामी पक्की होती. टेक्सासला नेलेलं माणूस पुन्हा दिसत नाही.

त्याची गाडी पलीकडच्या काठावर आली, तेव्हा मी इकडे कपडे धूत होते. नदीला पूर होता. अशा वेळी गाडी-बैल आधी आणि माणसं दुसऱ्या खेपेला, ही रीतच. बैल बुजत होते, म्हणून त्यांना आवरायला टॉलिव्हर स्वतः नावेत चढला. केझाया बोचक्यांपाशी थांबली.

गाडी या काठावर उतरली. नाव पुन्हा लोटताना दादा माझ्याजवळ वाकला.

"तुझ्या पोरांना जप, लुसिंडा," एवढंच म्हणाला.

पलीकडे पोचल्यावर केझाया नावेत चढली नाही. दादाच खाली उतरला आणि रिकामी नाव त्यानं पायानं धारेत ढकलून दिली. टॉलिव्हर इकडे घसा फुटेस्तोवर ओरडत होता. ती दोघं झाडीत शिरली.

ती सापडली नाहीत. सापडली असती तर आम्हाला दाखवायला फरफटत आणली असती.

मी दादावर रागावले, रडले. मलाही जायचं होतं. पण माझी पोरं मालकाच्या अंगणात होती, आणि हे दादाला माझ्याआधी कळलं होतं.