आपल्या माणसाच्या घरचा कॉकटील

रविवारी सईला घेऊन इथल्या दाना ओली मोहल्ल्यात कॉकटील, म्हणजे तुरेवाला छोटा पोपट, बघायला गेले होते... आणि तिथे माझी चांगलीच फजिती झाली.

सई माझ्या नवऱ्याची मुलगी. लग्न होऊन मी नाशिकहून ग्वाल्हेरला आले, त्याला अजून वर्षही झालेलं नाही. दोन संसारांचं सामान एका घरात बसवून झालं, पण सई मात्र माझ्याशी पाहुण्यासारखी वागते. पाण्याचा ग्लास दिला तरी 'थँक्यू'. इतकं गोड वागणारं मूल घरात असलं की रडूच येतं हो कधीकधी!

मागच्या आठवड्यात ती हळूच म्हणाली, "तुम्ही माझ्यासोबत बर्ड देखायला याल का, प्लीज?" पहिल्यांदाच काहीतरी मागितलं पोरीनं... आणि तेही माझ्याकडे, बाबाकडे नाही. मी हवेतच!

पण गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला होता, म्हणून आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बजावलं... मास्क लावा, पक्ष्याला तोंडाजवळ नेऊ नका, तिथे काही खाऊ-पिऊ नका. फुगून, डोळे मिटून बसलेला पक्षी दिसला तर हात न लावता निघा, आजारी पक्ष्यामुळे माणसाच्या छातीलाही त्रास होऊ शकतो. मी सईकडून सगळं पाठ करून घेतलं.

मग पक्षी वाढवून विकणाऱ्या एका ब्रीडरला फोन केला. ते आधी म्हणाले, पुढच्या महिन्यात या. पण बोलता बोलता आडनाव निघालं, माझ्या सासूबाईंचं इथलंच, दौलतगंजचं माहेर निघालं आणि त्यांचा सूरच बदलला. "अरे, तुम्ही तर आपलेच निघाले! या ना रविवारी."

इथल्या मराठी माणसांना ही गंमत लगेच कळेल. सगळीकडे हिंदी बोलून दमलेल्या माणसाला 'आपलं' कुणी भेटलं की त्याची अक्कल चपलांबरोबर दाराबाहेरच राहते. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून मी नया बाजारातून तिळाच्या गजकचा डबासुद्धा नेला!

पिंजरे बैठकीतच होते. ब्रीडरकाकांच्या बायकोनं, काकूंनी, चहा आणि चिवडा पुढे केला. मी एकदा "नको" म्हटलं, त्यांनी आग्रह केला... आणि माझा मास्क हनुवटीवर. सईनं माझ्याकडे बघितलं आणि आपलाही खाली ओढला.

तेवढ्यात काका पिवळा कॉकटील बोटावर घेऊन आले. "घे गं हातात, तुझाच समज!" पक्षी पिसं फुगवून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. तो शिंकला.

मला दिसलं... तरी जीभ उचलेना. ज्यांचा चहा हातात आहे, त्यांना तुमचा पक्षी आजारी आहे म्हणून कसं सांगायचं? आणि सईला नाही म्हटलं तर? तिनं पुन्हा कधी काही मागितलंच नाही तर?

सईनं गाल पुढे केला आणि मी ओरडले, "सई, मागे हो!"

मी काकांची माफी मागून सांगितलं की आज आम्ही कुठल्याच पक्ष्याला हात लावणार नाही, हा बरा दिसत नाही.

काकूच नवऱ्यावर उखडल्या. "मी बोलली होती ना, फोनवरच मना करा!"

काका ओशाळले. "तबीयत ढीली आहे याची, औषध चालू आहे. पण आपल्या लोकांना येऊ नका कसं म्हणणार?"

म्हणजे बघा... त्यांना नाही म्हणवेना, मलाही म्हणवेना, आणि आमच्या या भिडेच्या मधोमध माझी पोर उभी. काकांनी पक्षी आत नेला, आम्हाला साबण दिला. डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच बोलावतो म्हणाले, पक्ष्याच्या सरकारी नोंदणीचे कागदही दाखवतो म्हणाले. खरं तर त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं. परवा त्यांचा मेसेज आला, पक्षी आता दाणे टिपतोय.

सई मात्र स्कूटरवर घरापर्यंत भांडली. "सगळ्यांच्या सामने चिल्लावलीस! तू ना, किसी की सुनतीच नाहीस!" घरी आल्याबरोबर अंघोळ करायला लावली, तर बाथरूममधूनही भांडण चालूच.

जेवताना तोंड फुगलेलं. नवरा घाबरून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघतोय. पहिला घास घेऊन तिनं ताट पुढे सरकवलं. "भाजीत मीठ कमी आहे."

मीठ अगदी बरोबर होतं. तरी मी उठून मीठ आणून दिलं... आणि ओट्याकडे तोंड करून मनोमन देवाचे आभार मानले. पाहुणे कधी भाजीला नावं ठेवत नाहीत.