मांडी ताणताना

रोज सकाळी लेकीचा पाय माझ्या हातात असतो.

ओसरीवर चटई टाकून ती उताणी झोपते. तिचा गुडघा सरळ ठेवून, टाचेला धरून मी पाय वर नेते. गेल्या पोलीस भरतीच्या आधी देहूरोडच्या मैदानावर सरावातल्या जोडीच्या मुलीनं असाच पाय रेटला आणि मांडीमागचा स्नायू फाटला. धावायचं राहूनच गेलं. यंदाची भरती शेवटची, पुढं ती वयात बसत नाही. म्हणून आता हे काम ती माझ्याशिवाय कुणाला करू देत नाही.

लोणावळ्याच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी मला शिकवलं. पाय हळू वर न्यायचा, ताण जाणवला की थांबायचं. मग लेकीनं टाच माझ्या खांद्यावर टेकवून दाबायची आणि सैल सोडायची, की पाय आपसूक थोडा आणखी वर येतो. "जोर तुम्ही लावायचा नाही. दुखायच्या आधी ती 'बास' म्हणेल, तिथं सोडायचं," मॅडम म्हणाल्या.

ऐकायला किती सोपं! मॅडमना आमच्याकडच्या पोरी ठाऊक नाहीत. लहानपणी हिला सुई टोचली तरी ही हूं की चूं करायची नाही, आणि त्याचं आमच्या इंदुरी गावभर कौतुक व्हायचं. मैदानावरही तेच. जी आधी 'बास' म्हणेल तिला बाकीच्या दिवसभर 'नाजूक' म्हणून चिडवतात. स्नायू फाटला त्या दिवशीही ही गप्पच होती.

म्हणून मी तिच्या पायाकडं नाही, तोंडाकडं बघते. ओठ आवळले की सोडते. मग बाईसाहेब भडकतात.

"आई, का सोडलंस? अजून जाईल!"

"तू बोलत न्हाईस, मग मला कसं कळायचं? मूग गिळून का पडतीस?"

परवा मात्र पाय नेहमीच्या उंचीला यायच्या आतच ती म्हणाली, "आई, बास."

ज्या शब्दासाठी मी तिच्याशी रोज भांडत होते, तो शेवटी आला होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "एवढ्यातच? जरा सोस की गं."

हात तिथंच थांबला होता, पण बोलून गेले ते गेलेच. तिनं पाय सावकाश काढून घेतला आणि मांडी दाबत उठून बसली. रागावली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"म्हणून मी बोलत नाही, आई," ती म्हणाली.