सासूबाईंचं अर्धवट सेशन

पवनीतल्या आमच्या विहाराची वेबसाइट मी सांभाळते; सभासद तिथे आपल्या माणसांच्या आठवणी लिहितात. शनिवारची कामं ठरलेली असतात: बॅकअप, नव्या सभासदांना मंजुरी, पुसलेल्या सेशनांच्या यादीवर नजर. कोणी लॉगिन केलं की सर्व्हरवर त्याच्या नावाची तात्पुरती नोंद उघडते, तेच सेशन. अर्धा तास हालचाल नसली की ते आपोआप पुसलं जातं. त्यासोबत जतन न केलेला मजकूरही जातो.

एका शनिवारी पुसलेल्या सेशनांत सासूबाईंचं नाव पुन्हा पुन्हा दिसलं. दुपारी लॉगिन रोजचं, पण साइटवर एक ओळ नाही.

सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. फोन सुपाशेजारीच.

"आई, साइटवर रोज काय लिहिता?"

"माझ्या मायवर लिहून राहिली. तिचा फोटो नाही ना कोणापाशी. पोट्टेपाट्टे काय वळखतीन तिले?"

"मग लिहिलेलं कुठंय?"

"दोन ओळी झाल्या का कोणी तरी हाक मारते. वापस येऊन पायतो तं कोरं. मंग पयल्यापासून."

"मला सांगायचं ना."

"त्यात काय सांगाचं? सैपाक नाही का रोज पयल्यापासून करत? मले वाटलं, याचंबी तसंच असन." खडा वेचून त्यांनी बाजूला टाकला. "पण त्या दोन ओळीत माय रोज धानाच्या रोवण्यालेच जाते न वो. घरी काही येत नाही."

मी लॅपटॉप तिथेच घेऊन बसले. सेशन पुसायची मुदत तशीच ठेवली. पण लिहिता लिहिता मजकूर सभासदाच्या खात्यात आपोआप जतन होईल, अशी सोय केली. सफाईत आता तो जाणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोन ओळी लिहून सासूबाई शेजारी पापड लाटायला गेल्या. परतेपर्यंत सेशन संपलेलं. पुन्हा लॉगिन करून त्यांनी फोन लांब धरून पाहिला.

"आहे वो," म्हणाल्या, आणि एका बोटाने पुढे लिहीत बसल्या. दिवेलागणीला फोन माझ्या हातात दिला. "वाच. माय आली घरी."

मी मोठ्याने वाचलं. रोवण्याहून आलेली माय चुलीपाशी बसते. पाय धुतले तरी बोटांच्या बेचक्यात चिखल उरतो. लेक तो काडीने हळूहळू काढते, आणि माय बसल्या बसल्या झोपी जाते.

एकही अक्षर न बदलता मी ते साइटवर टाकलं.