चाळणीत अडकलेलं अक्षर

संस्थेत तिला सगळे 'अक्षरबाई' म्हणत. माणसाच्या पेशीत डीएनएचा तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर असतो. त्यातलं एखादं चुकलं, की एखाद्या लेकराला आकड्या येतात. ते चुकलेलं अक्षर हुडकणं हा तिचा पेशा. बावीस वर्षं ती तळघरातल्या खोलीत, रक्ताचे नमुने ठेवायच्या दोन फ्रीझरांच्या मधोमध बसून हेच करत आली होती. खोलीला खिडकीही होती. फ्रीझरच्या मागे.

घरी तिच्या विद्वत्तेचा भलताच दरारा. गुडघा ठणकला की सासूबाई म्हणत, "डॉक्टर ना गं तू? मग बघ की!"

"आई, मी गुडघ्याची डॉक्टर नाही."

"मग कसली?"

"आकडीच्या आजारांवर संशोधन करते. त्यातल्याही दुर्मिळ."

"दुर्मिळच दिसतायत. तुझ्या हातून बरा झालेला एक माणूस अजून दाराशी आला नाही," असं म्हणून सासूबाई औषधाच्या दुकानदाराला फोन लावत. त्याच्यावर त्यांचा विश्वास होता.

संचालकसाहेबांचंही मत फारसं वेगळं नव्हतं. "बाई, जगात साठ मुलांना होणारा आजार! साठ माणसं तर आपल्या कॅन्टीनच्या रांगेत असतात." म्हणून मधुमेहवाल्यांना वरचा मजला आणि ऊन, आणि अक्षरबाईला फ्रीझर.

तिच्याकडे दरवर्षी एक शिवणकाम करणारी बाई यायची. तिची मुलगी दोन वर्षांची असताना तपासणी झाली होती आणि अक्षरबाईच्याच सहीने अहवाल गेला होता : 'कारण आढळले नाही.' तरी ती यायची. सोबत एक वही. प्रत्येक आकडीची एक रेघ. "मॅडम, सापडलं का?" अक्षरबाई नकारार्थी मान हलवायची. बंद झालेली फाईल पुन्हा उघडायची नाही, असा संस्थेचा नियम होता. तो कुठे लिहिलाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो बदलायला अर्ज कुणाकडे करायचा हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

नवव्या वर्षी ती बाई म्हणाली, "मॅडम, आता वही पुरत नाही. रेघा बारीक मारते."

त्या दुपारी अक्षरबाईने फाईल उघडली.

संगणक सगळा मजकूर वाचतो, पण चाळणी लावून. पेशी जो भाग कापून टाकतात तो निरुपयोगी समजून चाळणी आधीच बाजूला काढते. वेळ वाचावा म्हणून ही चाळणी अक्षरबाईनेच बसवली होती. त्याबद्दल तिला प्रशस्तिपत्रकही मिळालं होतं. आता तिने चाळणी काढली. आठव्या दिवशी त्या टाकाऊ भागात एक अक्षर चुकलेलं दिसलं. आईबापांच्या रक्तात ते नव्हतं, मुलीच्या होतं. जनुक अगदी ओळखीचं, पाठ्यपुस्तकातलं. आणि पाठ्यपुस्तकात पुढे असंही छापलेलं होतं, की या जनुकात असा बिघाड असेल तर आकडीवरची एक नेहमीची गोळी आकड्या वाढवते. मुलगी तीच गोळी सात वर्षं घेत होती.

साहेब म्हणाले, "नवं संशोधन म्हणून सांगा ना! 'चूक' वगैरे शब्द कशाला?"

शिवणवाली आली तेव्हा तिने तिला गोळीचंही सांगितलं आणि 'चूक'च म्हटलं. "माझ्या चाळणीत अडकलं होतं. तेव्हाच नीट बघितलं असतं तर दिसलं असतं."

शिवणवालीने वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ मीच…"

"तुम्ही नाही. आम्ही."

"भरवत तर मीच होते ना." मग तिने पदर खोचला. "आता कुठली द्यायची ते सांगा. रडायचं ते घरी जाऊन बघेन."

मेंदूच्या डॉक्टरांनी गोळी हळूहळू बदलली. तीन महिन्यांनी आठवड्याला दोन-तीन रेघा उरल्या. मुलगी जिना एकटी चढू लागली. बोलणं मात्र चार-पाच शब्दांवरच राहिलं. गेलेली वर्षं कुठल्याच गोळीने परत येत नाहीत.

सभागृहात साहेबांनी 'संस्थेची चिकाटी' या विषयावर पाऊण तास भाषण केलं आणि जुन्या फायली तपासायला समिती जाहीर केली. समितीत सदस्य एकच. तळघरातला.

तिने तीनशे चाळीस फायली काढल्या. पहिल्या महिन्यात आणखी दोन अक्षरं सापडली. पहिल्या घरचे लोक तिला वाट्टेल ते बोलले. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या घरी वडिलांनी फोन उचलला. "मुलगा गेल्या वर्षी गेला," ते म्हणाले. ती 'माफ करा' म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात त्यांनी थांबवलं. "ठेवू नका. काय होतं त्याला, ते सांगा. हिला वाटतं, आपल्या हातून पडला होता म्हणून झालं."

तिने सांगितलं. मग त्यांनी बायकोला बोलावलं, आणि अक्षरबाईने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सोप्या शब्दांत, चाळीस मिनिटं. पलीकडे ती आई रडत होती आणि मधेच विचारत होती, "म्हणजे पडल्यामुळे नाही ना? नक्की?"

"नक्की. तो जन्मला तेव्हापासूनच होतं."

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरून चिठ्ठी आली : 'संस्थेचा दूरध्वनी खासगी गप्पांसाठी वापरू नये.'