जरा कळ काढ, आलोच

दुसऱ्यांच्या लिखाणातले जादा शब्द काढून टाकणं हा माझा धंदा. छापखान्यात बसून मी प्रुफं तपासतो. आजवर इतके शब्द कापले, पण त्यात कुणाला इजा झाल्याचं ऐकिवात नाही. एकदाच स्वतःच्या मनाने चार शब्द घातले, आणि खालच्या मजल्यावरच्या पट्टीकाकांची मुलगी त्यांच्याशी धड बोलायची बंद झाली.

शब्द अगदी साधे होते. 'जरा कळ काढ, आलोच.'

पट्टीकाकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी वाचायची वेळ कुणावर आलेली नाही. ते इस्पितळात ड्रेसर होते. जुनी पट्टी सोडवायची, जखम धुवायची, नवी पट्टी बांधायची, एवढंच काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. चिकटलेली पट्टी ओढताना माणूस ओरडू नये म्हणून त्यांची एक युक्ती होती. "जरा कळ काढा हं," म्हणायचं आणि लगेच विचारायचं, "तुमचे मेव्हणे हल्ली काय करतात?" मेव्हण्याचा विषय निघाला की माणूस स्वतःची जखम विसरतो, असा त्यांचा अनुभव. मेव्हण्याची नोकरी सांगून होईपर्यंत पट्टी बादलीत पडलेली असायची. माझा अंगठा दारात चेंगरला तेव्हा मीही फसलो. मला मेव्हणाच नाही, हे त्यांना समजावून सांगत होतो, तेवढ्यात काम झालंसुद्धा.

त्यांची मुलगी ठकी. चाळिशीला टेकलेली, स्वतःच्या ऑफिसात सगळ्यांना धाकात ठेवणारी बाई, पण काकांची ठकीच. ती लांब राहते, विमानाने जावं लागतं इतकी लांब. काकू गेल्यानंतर बापलेकीचा रोज फोन व्हायचा आणि तो असा असायचा :

"जेवलात का बाबा?"

"जेवलो. तू?"

"जेवले."

मग दोघंही थोडा वेळ फोन कानाला धरून बसायची. मग ठेवायची.

शेवटी ठकीनेच काकांना त्या खेळात ओढलं. कॉम्प्युटरवर खेळायचा, जगभरची माणसं एकाच वेळी आत उतरतात, गुहा असतात, राक्षस असतात. ठकी ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभी राहते आणि मार खाते. "बाबा, तुम्ही फक्त माझ्या मागे उभे राहा आणि मला बरं करत राहा. बाकी काही नको," असं तिने सांगितलं. अशा माणसाला खेळात हीलर म्हणतात. काका म्हणाले, "म्हणजे ड्रेसरच. इथे पगार नाही का?"

पण खेळता खेळता दोघं बोलायला लागली. हेडफोन लावून ठकी काकांना रागवायची, काका तिला चिडवायचे, मध्येच तिच्या ऑफिसातल्या भानगडी निघायच्या. एकदा तर काकूंच्या हातच्या स्वेटरवरून दोघं इतकी हसली की राक्षस जिंकला. नुसत्या फोनवर जे जमलं नाही, ते समोर राक्षस असताना जमत होतं. संध्याकाळी खालून काकांचं हसणं ऐकू आलं की आमची ही म्हणायची, "ठकी आली वाटतं." ठकी विमानाच्या अंतरावर होती, पण हिचं म्हणणं बरोबर होतं.

अडचण बोटांची होती. काकांचे सांधे धरत चालले होते. सकाळी गरम पाण्याच्या पातेल्यात हात बुडवल्याशिवाय मूठ उघडत नसे. खेळात छोटी पट्टी एका बटणावर, मोठी दुसऱ्यावर, विष उतरवायचं तिसऱ्यावर. बटणाला काका कळच म्हणायचे. "ही कळ दाबली की माझ्या बोटात कळ येते. भाषा करणाऱ्याने आधीच सांगून ठेवलंय." ठकीला मात्र यातलं काही सांगितलेलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणाले, "सांगितलं तर ती हळू खेळेल. मग बंद करेल."

त्यावर उपाय म्हणजे मॅक्रो. अनेक हुकूम एका ओळीत लिहायचे आणि ती ओळ एका कळीला बांधायची. तीच कळ परत परत दाबली की पाळीपाळीने सगळं होतं, बोटं पसरावी लागत नाहीत. काकांनी कुठून तरी बघून ओळ लिहिली होती, पण चालेना. मोठी पट्टी दर वेळी गावाच्या वेशीवर बांधलेल्या एका बोकडाला लागत होती. खेळातला तो बोकड त्या आठवड्यात फार तब्येतीत होता. काका मला बोलवायला वर आले. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण ओळ पाहिल्यावर माझा धंदा जागा झाला. त्या भाषेत स्वल्पविराम म्हणजे 'मग' आणि अर्धविराम म्हणजे 'नाहीतर'. काकांनी अर्धविरामाच्या जागी स्वल्पविराम दिला होता. मी तो दुरुस्त केला. आता ज्याच्यावर माउसचा बाण असेल त्याला पट्टी, नाहीतर ठकीला. माझ्या अर्धविरामाने कुणाचा जीव वाचल्याची ही पहिलीच वेळ.

"आणि ठकी ठीक असली तर? तुमचं काय?" मी विचारलं.

"ओळ ठकीपाशी संपते," काका म्हणाले. "आणि बाण कुणावर ठेवायचा, तेही ठरलेलं आहे. ओरडणारा थांबू शकतो. गप्प बसलेल्याकडे आधी बघायचं. वॉर्डातला नियम आहे."

इथवर सगळं छान होतं. पण मला आपल्या अर्धविरामाचा माज चढला. मॅक्रोमधून आपल्या माणसाला बोलायलाही लावता येतं, मोठी पट्टी सुरू होताना त्याच्या डोक्यावर एखादं वाक्य उमटतं, असं मला कळलं. काका स्वयंपाकघरात हात शेकत होते. मी गुपचूप ओळीच्या आधी त्यांचंच पेटंट वाक्य, 'काढा'चं 'काढ' करून आणि पुढे 'आलोच' जोडून, घातलं. म्हटलं, बापलेक दोघं हसतील.

त्या संध्याकाळी मी काकांच्या मागे स्टुलावर बसलो होतो, हसायच्या तयारीत. गुहेत भला मोठा राक्षस. ठकीची ढाल पुढे. काकांनी कळ दाबली आणि त्यांच्या डोक्यावर अक्षरं उमटली : 'जरा कळ काढ, आलोच.'

ठकीची ढाल थांबली. ती बाजूला झाली नाही, वार अडवला नाही. राक्षसाने तिला आडवं केलं. मग स्पीकरमधून ती म्हणाली, "बाबा, हे कुणी लिहिलं?"

मी तोंड उघडलं. काकांनी मागे न बघता हात वर करून मला थांबवलं.

"मीच," ते म्हणाले.

"बरं," ठकी म्हणाली आणि खेळातून निघून गेली.

मला वाटलं काका चिडतील. ते उठले, पातेल्यात गरम पाणी ओतलं, हात बुडवले आणि माझ्याकडे पाठ करून बोलले.

"ठकीच्या आईच्या कुशीत दुखायचं. चादरींच्या घड्या घालता घालता मध्येच थांबायची. एकदा मला म्हणाली, इथे बघा ना जरा. मी डबा घेऊन दारात. वॉर्डात माणसं कमी, डबल ड्यूट्या चाललेल्या. म्हटलं, जरा कळ काढ, आलोच. आलो तेव्हा मला झोप आलेली होती. दुसऱ्या दिवशी तिने विषय काढला नाही. मीही नाही. त्याच दुखण्यात ती गेली."

पाण्यात त्यांची बोटं हलत नव्हती.

"ठकी सुट्टीला आली होती. आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं होतं."

"काकूंनी नंतर कधीच सांगितलं नाही?"

"ती गप्प बसायची," काका म्हणाले.

मी त्याच वेळी ती ओळ पुसली. ठकीला फोन करून सांगतो म्हटलं, तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. फोन पुन्हा पूर्वीसारखा झाला. जेवलात का, जेवलो, तू, जेवले. संध्याकाळी काका एकटेच खेळात उतरायचे आणि वेशीवर उभे राहायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला पट्टी करायचे. जखमी असो, नसो. लोक न थांबता पुढे जायचे. बराच वेळ कुणी आलं नाही की बाण बोकडावर ठेवायचे. मी एकदा म्हणालो, "त्याला मेव्हण्याचं विचारा." ते हसले, माझ्यावर उपकार केल्यासारखे.

आमची ही रोज विचारायची, "ठकी आली का?" आणि मला जेवण जायचं नाही.

मग एका संध्याकाळी वेशीवर ढाल दिसली. काका ताठ बसले. ठकी थेट गुहेच्या दिशेने चालायला लागली. काका मागे. मी स्टुलावर.

नेमकी त्या दिवशी हवा गार होती आणि काकांची बोटं अगदी धरली होती. ते अंगठ्याच्या पेराने कळ दाबत होते. पट्टी उशिरा पडायची, कधी पडायचीच नाही. ठकीचा जीव दाखवणारी हिरवी रेघ आखडत आखडत बोटभर राहिली. ती मागे सरकली, खडकाआड थांबली.

"बाबा, हात दुखतोय?"

"नाही गं."

"बाबा."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोकडासारखा बसून होतो.

"येते थोडी कळ," काका म्हणाले.

"कधीपासून?"

काकांनी परत कळ दाबली. स्पीकरमधून नाक ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता ती जाणार.

"दुखलं की सांगायचं," ती म्हणाली. आवाज ऑफिसातला असावा. "त्याच दिवशी. कळ काढत बसायचं नाही. आईने काढली तेवढी पुरे. तुम्हीच काढायला लावलीत तिला, बाबा. मी विसरले नाहीये."

"हो," काका म्हणाले.

"तुम्ही आता मला गप्प बसून छळू नका. उद्या दवाखान्यात जा आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला फोनवर सांगा. जेवलात का, जेवलो, असं चालणार नाही."

"हो."

"आणि त्या मॅक्रोत माझ्यानंतर तुमचं नाव घाला. सारखे आधी मरता तुम्ही. कंटाळा आला मला तुम्हाला उचलून."

राक्षस त्या दिवशी मेला नाही. खडकाआड दोघं बसून राहिली. काका डाव्या हाताने उजवा हात चोळत होते. ठकी बोटांबद्दल एकेक विचारत होती, कुठलं बोट, कुठलं पेर, सकाळी की संध्याकाळी, आणि काका डॉक्टरसमोरच्या पेशंटसारखे खरं खरं सांगत होते. मेव्हण्याचा विषय कुणीच काढला नाही.

तिने निरोप घेतल्यावर मी कीबोर्ड ओढला. ठकीच्या नावापुढे अर्धविराम दिला आणि 'स्वतः' लिहिलं. नाहीतर स्वतः. काका चष्म्यातून बघत होते.

"काका," मी म्हणालो, "आता तरी तिला सांगा ना, ते चार शब्द माझे होते. तुम्ही उगाच अंगावर घेतलंत."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

"लिहिले तुम्ही. बोललो मीच होतो."