आमच्या घराकडे चालून आलेली दरी

मी कवठे महांकाळला हरभरा काढायला गेलो होतो, तेवढ्या पंधरा दिवसांत पाटणची दरी आमच्या नव्या घराकडे नऊ फूट चालून आली.

हसू नका! टेप लावून मोजली होती. आम्ही पडलो सपाटीची माणसं; आमच्याकडे उंच म्हणजे शेताचा बांध. पण बायकोचं, म्हणजे सुमनचं, माहेर पाटणजवळ डोंगरात. रिटायर झाल्यावर तिथंच घर बांधायचं ठरलं आणि मेहुण्यानं, सर्जेरावनं, पहिल्याच दिवशी मला अक्कल शिकवली.

"दाजी, उतार जेवढा खोल, तेवढं कडंपासनं मागं सरायचं. ह्यो तीस फूट हाय. तीस फूट सोडा."

"आन् खिडकीतनं बघू काय? तुझी म्हस?" मी भडकलो. (डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, पण माझा राग मिठातून येत नाही.) मला खिडकीखाली दरी हवी होती!

"तीस फूट सोडा, न्हाईतर मी त्या घरात पाऊल टाकणार न्हाई," सुमन म्हणाली. लहानपणी एका पावसात शेजारचं घर खाली जाताना तिनं पाहिलं होतं, त्यामुळे ती थट्टेनं बोलत नव्हती. मी चरफडत तीस फुटांवर खुंटी ठोकली, काम गवंड्यावर सोपवलं आणि गावी गेलो.

परत येऊन बघतो तर जोतं तयार! मुरूम भरून, चोपून एकदम गुळगुळीत. कौतुकानं कडेपासून टेप लावला. एकवीस फूट.

माझं डोकंच फिरलं. गवंड्याची गचांडी धरली (तो माझ्याहून दांडगा, म्हणून लगेच सोडली). "खुंटी कुणी हलवली रं?"

"मालक, देवाशपथ मी न्हाई!"

"मग ह्या सर्जेरावनं! मागं म्हशीचा गोठा बांधायचाय न्हवं तुला? सख्ख्या बहिणीचं घर दरीत ढकलतोस?" माझा आवाज समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. मला वाटलं कुणीतरी उलट बोलतंय. त्यालाही दोन शिव्या हासडल्या.

सर्जेरावनं रस्त्याकडून टेप लावला. ठोकताना मोजलं होतं तेवढंच अंतर भरलं; खुंटी इंचभरही हललेली नव्हती.

"म्हंजे दरी चालत आली व्हय?" मी ओरडलो.

"आवं," सुमन शांतपणे म्हणाली (ती शांत बोलली की मला घाम फुटतो), "जोत्यातला मुरूम कुठनं आणला?"

गवंडी पायाकडे बघायला लागला. "मालकांनीच फोनवर सांगितलं. मी तीनदा इचारलं. म्हनले, दारात एवढा मुरूम असताना ट्रॅक्टर कशाला? कडंचाच काढ, गाढवा!"

'गाढवा' ऐकल्यावर शंकाच उरली नाही. शब्द माझाच होता. आणि हरवलेली नऊ फूट जमीन माझ्या पायाखाली, त्या जोत्यात होती!

राग तर मावेना, पण काढायचा कुणावर? शेवटी टेपवर काढला. दिला दरीत भिरकावून! (टेप सर्जेरावचा होता.)

सुमननं पिशवी उचलली आणि ती भावाच्या घराकडे चालू लागली. तेव्हा मात्र सर्जेरावसमोर मान खाली घालून "चुकलं माझं" म्हणालो; उभ्या जन्मात पहिल्यांदाच. जोतं फोडलं, नव्या कडेपासून पुन्हा तीस फूट मोजले आणि घर मागं बांधलं. आता खिडकीतून सर्जेरावची म्हैस दिसते.

पाहुणे येतात, कौतुकानं विचारतात, "कडंपासनं घर किती लांब असावं हो?" मी घसा खाकरून सांगायला लागतो, तोवर आतून सुमनचा आवाज येतो.

"ह्यांचा फोन लागणार न्हाई, एवढं लांब!"