फ्रा झेनोनेचं उदास तोंड

इटलीतल्या आमेलिया गावच्या आमच्या कापुचिन साधूंच्या मठात चित्रकार येतच असतात, आणि सगळ्यांना एकच हवं असतं: पडकी कमान, उन्हाची तिरीप आणि तिच्यात बसलेला, जगाला विटलेला साधू. यंदा जर्मनीहून लोरेन्झ आला. त्याच्या नशिबी आला आमचा स्वयंपाकी, फ्रा म्हणजे बंधू झेनोने. दाढी बेंबीपर्यंत, पोट तिच्याही पुढे आणि तोंडावर बारा महिने हसू.

"जरा मरणाचा विचार करा हो," लोरेन्झ विनवायचा.

"करतोय की! स्वर्गात पावटे कोण शिजवत असेल?" म्हणत झेनोने खो खो हसायचा.

तीन आठवडे गेले. कमान झाली, ऊन झालं, साधूच्या तोंडाच्या जागी नुसता डाग. मी, चर्चचं सामान सांभाळणारा फ्रा एजिदिओ, रोज डोकावायचो आणि मनातून खूश व्हायचो. म्हटलं, काढा आता उदासी!

मग प्रांतप्रमुखांचं पत्र आलं. मठप्रमुख फादर ओनोरातोंनी ते जेवताना वाचलं: नोव्हेंबरातला संत मार्टिनचा सण झाला की झेनोनेने नोर्चाच्या मठात जावं, कायमचं. आमच्यात बदलीला कारण लागत नाही आणि नाही म्हणायची सोय नसते. झेनोनेने पत्र ओठांना लावलं, "देवाची कृपा" म्हणाला, हसला आणि सूप वाढायला लागला. अकरा वर्षं त्याच्यासोबत दारोदार भिक्षेला फिरलेली कोंतेसा गाढवी मात्र इथेच राहणार होती.

दुपारी तो कमानीत जाऊन बसला. अंगणात कोंतेसा ओरडली. त्याने तिकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"हलू नका!" लोरेन्झ किंचाळला. "देवाशप्पथ, हलू नका!"

मला असा राग आला! मेल्या, इथे माणसाचा जीव तुटतोय आणि तू रंग कालवतोस?

संध्याकाळी फादर ओनोरातो चित्र बघायला आले. चित्रातले ते डोळे पाहून त्यांनी झेनोनेला बोलावून घेतलं.

"झेनोने, मला वाटलं तू खुशीने निघालास. बोलला का नाहीस?"

"आज्ञेपुढे काय बोलणार, फादर?"

"इथे बोललास की," चित्राकडे बोट दाखवत ते म्हणाले.

त्यांनी लोरेन्झकडून त्या चेहऱ्याचं पेन्सिलने काढलेलं चित्र मागून घेतलं आणि आपल्या पत्रासोबत प्रांतप्रमुखांना धाडलं. सहाव्या दिवशी उत्तर आलं, दोन शब्दांचं: राहू द्या.

झेनोने कोंतेसाच्या गळ्यात पडून रडला आणि लगेच हसायला लागला. पंचाईत झाली लोरेन्झची. डोळे रंगवून झाले होते, ओठ बाकी होते.

"पाया पडतो, एकदाच पुन्हा उदास व्हा!"

"नाही जमायचं रे बाबा. पावटे करपतील."

शेवटी लोरेन्झने ओठांवरून दाढी ओढून घेतली. चित्र बघून तिकडे जर्मनीत माणसं डोळे पुसतात म्हणे. पुसू देत. दाढीखाली तो हसतोय, हे आम्हाला ठाऊक आहे.